ताडोबाचं तिकीट आणि 'चांद्याचा माणूस': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि माझं उत्तर त्याहून लांब होणार, म्हणून वेगळ्या पोस्टमध्ये लिहितोय. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताडोबाच्या कोअरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या, सफारीचं शुल्क, निदान सुट्टीच्या दिवसांत, आणखी वाढवायला हरकत नाही असं मी लिहिलं होतं. 'किती द्याल' असं विचारणाऱ्या सर्व्हेंत पर्यटकांची पैसे द्यायची तयारी आजच्या दरापेक्षा जास्त दिसते, हे त्यामागचं कारण. त्यावर 'चांद्याचा माणूस' या नावाने आलेला मजकूर असा: "जंगल म्हणजे मॉल आहे का? पुण्या-मुंबईचे देतील हो. आमच्या पोरांनी वाघ मोबाइलवरच बघायचा का? असल्या सर्व्हेत माणूस फुशारकी मारतो, त्यावर दर ठरवता? आम्ही कर भरतो तो कशाला? आणि गोळा झालेला पैसा जातो कुठे, ते आधी सांगा. तुम्ही स्वतः किती द्याल हो?"

फुशारकीपासून सुरुवात करतो. मारतात, लोक मारतातच. हे अर्थशास्त्रज्ञांनीच एकमेकांना सुनावून झालंय. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं. हजारो पक्षी तेलात माखून मेले. भरपाई किती मागायची हे ठरवण्यासाठी अमेरिकेत लोकांना विचारलं गेलं, की असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून तुमचं घर किती रक्कम देईल? ज्यांनी अलास्का जन्मात पाहिला नव्हता त्यांनीही आकडा सांगितला आणि बेरीज २.८ अब्ज डॉलरवर गेली. तेल कंपनीच्या बाजूचे अभ्यासक अर्थातच या पद्धतीवर तुटून पडले. त्यांच्या एका प्रयोगात लोकांचे तीन गट केले होते. पहिल्याला विचारलं, २,००० पक्षी वाचवायला किती द्याल? दुसऱ्याला २०,००० आणि तिसऱ्याला २ लाख पक्ष्यांबद्दल तेच विचारलं. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले तरी रक्कम जागची हलेना! लोक पक्ष्यांची किंमत सांगत नव्हते, चांगलं काम केल्याच्या समाधानाची सांगत होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. इतका वाद पेटला की १९९३ मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्यांच्या समितीला मध्ये पडावं लागलं. समितीने पद्धत मोडीत काढली नाही, पण तिला लगाम घातला. 'किती द्याल' असं मोघम विचारू नका, 'इतके द्याल का, हो की नाही' असं विचारा. हे पैसे तुमच्याच खिशातून जाणार आहेत याची आठवण करून द्या. शंका आली तर कमी आकडा धरा.

तेव्हा फुशारकीचा मुद्दा मान्य. पण आपल्याच राज्यातलं एक उदाहरण बघा. नव्वदच्या दशकात मुंबईच्या घरांना बोरिवली नॅशनल पार्कबद्दल, म्हणजे आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल, असंच विचारलं होतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातला आकडा होता दर घरामागे महिन्याला साडेसात रुपये, पाच वर्षांसाठी. आता सांगा, फुशारकी मारायचीच तर माणूस साडेसात रुपयांची मारेल का? आणि हे गेटवरचे पर्यटक नव्हते, शहरातली घरं होती. त्यातल्या कित्येकांनी कान्हेरीची लेणीही पाहिली नसतील. तरी विहार आणि तुळशी तलाव त्याच जंगलात आहेत, हवा तिथून येते, आणि शहराच्या मधोमध एवढं रान शिल्लक आहे याचं लोकांना बरं वाटतं. साडेसात रुपये गुणिले मुंबईची घरं असा हिशेब केला, की रक्कम उद्यानाच्या तेव्हाच्या तरतुदीच्या कितीतरी पुढे जाते.

मला या अभ्यासांतली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटते. काही लोक शून्य सांगतात. त्यातले काही खरोखरच शून्यवाले असतात, त्यांना जंगलाशी देणंघेणं नसतं किंवा खिशात पैसा नसतो. पण काहींचं शून्य रागाचं असतं. 'हे सरकारचं काम आहे', 'आम्ही कर भरतो', 'पैसा मधल्या मध्ये जिरतो', म्हणून एक छदामही देणार नाही. बरेच अभ्यासक अशी शून्यं बाजूला काढून मग सरासरी काढतात. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तेच आठवलं. तुमचं शून्य रागाचं आहे. ते गाळायचं नसतं, सगळ्यात आधी वाचायचं असतं. ज्याला जंगल नकोय तो एवढी लांब प्रतिक्रिया लिहीत बसत नाही.

आता पैसा जातो कुठे. २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३८-एक्स आलं. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी एक प्रतिष्ठान असावं आणि पर्यटनाचं उत्पन्न शासनाच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता तिथेच राहावं, ही त्यातली योजना. ताडोबा-अंधारीचंही असं प्रतिष्ठान आहे. बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, गावोगावी ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या आहेत आणि आगरझरी, जुनोना, देवाडा अशा बफर गेटवर गावच्याच मुला-मुलींना गाईड म्हणून काम मिळालं आहे. कागदावर व्यवस्था चांगली आहे. माझी तक्रार तिच्या अदृश्यपणाबद्दल आहे. ऑनलाइन बुकिंग केलं की हातात येते ती बुकिंगची पावती: नाव, ओळखपत्र, गेट, वेळ. या रकमेतले किती गावाला, किती कुंपणाला, किती पाणवठ्याला, यातलं अवाक्षर त्यावर नसतं. मग तुमच्यासारख्याने 'मधल्या मध्ये जिरतो' म्हटलं तर दोष तुम्हाला कसा द्यायचा?

याच्या उलट कासचं पठार बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या यादीतून जागतिक वारसा झालं आणि सप्टेंबरात साताऱ्याहून वर जाणारा रस्ता गाड्यांनी तुंबू लागला. मग दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली, शुल्क आलं आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समितीकडे गेली. पावती फाडणारा, गाडी लावून घेणारा, 'ताई, फुलांत पाय नको' म्हणून शिट्टी मारणारा, सगळे त्याच गावांतले. मधल्या काळात पठाराला कुंपण घातलं त्यावरून रण माजलं आणि ते रास्तच होतं. पण पैसे देताना तिथे लोक फारशी कुरकुर करत नाहीत. घेणारा हात समोर दिसतो, त्याचा हा परिणाम आहे असं माझं मत.

तुमचा मॉलचा टोमणा मात्र मला बराच पटतो, फक्त वेगळ्या कारणाने. गेटवरचा पर्यटक पैसे देतो ते कशाचे? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी लागल्या. तिला ना पुढे जाता येईना, ना मागे. व्हिडिओ फिरला, चालक आणि गाईड निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्यांत बसलेल्या प्रत्येकाने शुल्क भरलेलं होतं. त्यांची द्यायची तयारी भरपूर होती, पण ती वाघ दिसण्यासाठी होती. वाघिणीला वाट मिळावी यासाठी कोणी वेगळे पैसे मोजले नव्हते. आणि त्याच अभयारण्याची आधीची कथा बघा. जय नावाचा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून तिथे आला आणि त्याच्या नावावर गर्दी लोटली. २०१६ च्या एप्रिलनंतर जय दिसेनासा झाला आणि गर्दीही ओसरली. जंगल तेवढंच होतं, सागही तेवढाच.

म्हणून पर्यटकाच्या तयारीला मी जंगलाची किंमत मानत नाही. त्यातून कळतं ते एवढंच, की मौजेसाठी तो किती सोडेल. आणि ज्या मौजेचे तो एवढे सोडायला तयार आहे, तिचा भाव गेटवर कमी आणि गेटबाहेर जास्त का असावा? हॅरल्ड हॉटेलिंगने १९४७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसला पत्र लिहून सुचवलं होतं: लोक उद्यानापर्यंत यायला किती खर्च करतात ते मोजा. हीच मोजपट्टी ताडोबाच्या मोहर्ली गेटला लावा. मुंबईहून नागपूरचं विमान, तिथून गाडी, दोन रात्रींचं रिसॉर्ट. प्रवेशशुल्क हा त्या सगळ्या खर्चाचा लहानसा तुकडा. पाहुण्याच्या तयारीतला मोठा वाटा रिसॉर्टवाला आधीच घेऊन मोकळा झालेला असतो आणि त्याचा माल कोणता, तर वाघ, जो त्याने पाळलेला नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा हॉटेलांवर संवर्धन शुल्क लावण्याची वाट दिलेली आहे. माझ्या मागच्या लेखातल्या दरवाढीपेक्षा हे शुल्क कडक लावणं जास्त न्यायाचं आहे, आणि त्यात तुमच्या पोरांच्या खिशाला हातही लागत नाही.

पोरांबद्दल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या शाळांना ताडोबा मोफत असावा आणि तोही कोअर, सुट्टीच्या दिवशी, चांगल्या गेटने. याबाबत माझ्या मनात दुमत नाही. दर वाढवायचे ते याच अटीवर, की बाहेरून आलेल्याच्या पैशातून आतल्याची जागा राखली जाईल. जिप्सीत सहा जण बसतात आणि फेऱ्यांना मर्यादा आहे. दर शून्य केला तरी जागा वाढत नाहीत, फक्त ज्याचं इंटरनेट वेगवान त्याला आधी मिळतात. स्वस्त तिकीट म्हणजे गरिबाला तिकीट, हे गणित इथे जुळत नाही. 'आमची पोरं' म्हणजे गेटजवळच्या गावातली पोरं, असं मी धरून चाललोय.

रवांडात डोंगरी गोरिला पाहायचा परवाना २०१७ मध्ये ७५० डॉलरचा १,५०० झाला. टीका भरपूर झाली, पण त्याच वेळी पर्यटनाच्या उत्पन्नातला आसपासच्या वस्त्यांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० केला गेला. हे दुसरं वाक्य आपल्याकडच्या चर्चेत गळून पडतं. दुसरीकडे इंडोनेशियाने २०२२ मध्ये कोमोडोचं शुल्क एकदम कित्येक पटींनी वाढवायचं जाहीर केलं, तर स्थानिक पर्यटन व्यावसायिकांनीच संप पुकारला आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

कराबद्दल तुमचं म्हणणं मला शब्दशः मान्य आहे. वनरक्षकाचा पगार, गावांचं पुनर्वसन हे करातूनच व्हायला हवं. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळी गेटं बंद होती. जगभरात जी उद्यानं तिकिटाच्या पैशावर चालत होती त्यांचे हाल झाले. शिकारी काही टाळेबंदी पाळत नाही. वाघाचं पोट पर्यटकाच्या मूडवर ठेवायचं नसतं. शुल्क हे वरचं, जोडीचं उत्पन्न राहावं.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती पण तुमच्या जिल्ह्याची आहे. अर्थशास्त्रात 'किती द्याल' याच्या जोडीला 'किती घेतल्यावर सोसाल' हाही प्रश्न असतो, आणि त्याची उत्तरं बहुतेक वेळा मोठी येतात. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं कोअरमधून उठली. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडच्या बाया आजही मे महिन्यात पहाटे तेंदूपत्त्याला जातात, त्याच्या आधी मोहफुलांना, आणि घरचे त्या परत येईपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसतात. वाघाने माणूस मारला तर राज्य २५ लाख देतं. या बायांना कोणी फॉर्म घेऊन विचारलंय, की ताई, हा वाघ इथे राहावा म्हणून तुम्ही काय सोसताय आणि त्याचं किती व्हावं? गेटवर जिप्सीची वाट बघणाऱ्याला विचारणं सोपं आहे, तो रिकामाच असतो. मोहर्लीच्या तिकिटाचा दर ठरवताना मला पहिला आकडा या बाजूचा हवाय. तो हातात असेल तर पर्यटकाकडून किती घ्यायचं ही दुसरी पायरी, आणि तिथे मी आजही म्हणतो की जास्त घ्या.

मी स्वतः किती देईन, असंही तुम्ही शेवटी खोचून विचारलंय. आजच्या दराच्या दुप्पट, पण पावतीच्या मागे मागच्या वर्षीचा हिशेब मराठीत छापलेला असेल तर. तुम्ही त्या भागातलेच दिसता, म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावच्या समितीला गेल्या हंगामात गेटमधून किती मिळाले आणि तो जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला गेला का, एवढं विचारून इथेच कळवा. वाचला गेला नसेल तर तसंही कळवा, त्यावर पुढची पोस्ट लिहितो.