टीव्हीच्या कडा कापल्या जातात म्हणून केबल बदलायला निघालात? थांबा

हा फॉरवर्ड आता घरच्या ग्रुपवरही येऊन पडला, आणि लगेच ‘कुठला मेनू उघडायचा?’ म्हणून विचारणाही सुरू झाली, म्हणून लिहितो. दावा असा: टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर पॅनेल जायला आलंय, किंवा एचडीएमआय केबल हलकी आहे, सोनेरी टोकांची महाग घ्या, किंवा रिमोटवरून गुप्त सर्व्हिस मेनू उघडून साइझ कमी करा, नाहीच जमलं तर फोर-के टीव्ही घ्या.

पॅनेल बिघडलं की रेघा येतात, डाग पडतात, अर्धा पडदा काळा होतो. चारही बाजूंनी सारखी पट्टी कापणारं पॅनेल अजून जन्माला यायचंय. कापणं हे टीव्हीचं ठरवून केलेलं काम आहे, नाव ओव्हरस्कॅन. जुन्या डब्बा टीव्हीत व्होल्टेज हललं की चित्र लहानमोठं व्हायचं, म्हणून ते मुद्दाम काचेच्या कडेपलीकडे जाईल इतकं मोठं ठेवत. प्रसारणवाले आजही हे गृहीत धरतात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची आर-९५ ही शिफारस सांगते की १६:९ चित्रात अक्षरं प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत ठेवा. म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. लॅपटॉपला असला शिष्टाचार नाही, तो टास्कबार अगदी तळाला चिकटवतो. म्हणून सिनेमा ठीक दिसतो आणि टास्कबार गायब होतो.

केबलवाल्या मुद्द्यात काही अर्थच नाही. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल खराब असेल तर ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा ‘नो सिग्नल’ येतं.

खरा घातक सल्ला सर्व्हिस मेनूचा. त्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो: डब्बा टीव्हीत मेकॅनिक खरोखरच तिथे जाऊन आडवी-उभी साइझ लावायचा. पण एलईडी टीव्हीत ताणायला बीमच (डब्बा टीव्हीत काचेवर चित्र काढणारा इलेक्ट्रॉनांचा झोत) नाही. त्या मेनूत पॅनेलचा प्रकार, बॅकलाइट, पांढऱ्या रंगाची जुळवणी असलं काहीबाही असतं. पॅनेलचा प्रकार चुकून बदलला की चित्र उलटं होतं, रंग विस्कटतात, किंवा पडदा काळा पडतो. आणि मग परत यायला तो मेनूच वाचता येत नाही. पुढे मेन बोर्ड उघडायची वेळ. ‘मूळ आकडे लिहून ठेवा’ एवढंही त्या फॉरवर्डमध्ये नाही!

करायचं ते साध्या मेनूतच आहे. आधी लॅपटॉप किंवा बॉक्सचं आउटपुट टीव्हीच्या रिझोल्यूशनला लावा. सेट-टॉप बॉक्स ५७६आयवर (जुन्या, कमी रिझोल्यूशनवर) अडकला असेल तर काही टीव्हींत खाली सांगितलेला पर्याय दिसतच नाही. बॉक्समध्ये ‘झूम’ लागलाय का तेही बघा. मग टीव्हीत पिक्चर साइझ १६:९ करा. सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’ ऑन, एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’, सोनीत ‘डिस्प्ले एरिया’ला ‘फुल पिक्सेल’. बाकीच्यांत ‘ओव्हरस्कॅन ऑफ’ किंवा ‘डॉट बाय डॉट’ शोधा. बऱ्याच सेटमध्ये ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी असते. एचडीएमआय १ वर केली म्हणून २ वर होत नाही. काही टीव्हींत इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं की काम होतं.

आता काळी चौकट दिसली तर घाबरू नका. लॅपटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हरनं (पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) आधीच चित्र लहान केलेलं असतं. ग्राफिक्स चिप एएमडी कंपनीची असेल तर तिच्या ड्रायव्हरमध्ये ‘एचडीएमआय स्केलिंग’चा स्लायडर ० वर आणा. उलट, टीव्ही तसाच ठेवून फक्त ड्रायव्हरमधून चित्र लहान केलंत तर ते एकदा आक्रसतं आणि एकदा ताणलं जातं, आणि बारीक अक्षरं धूसर होतात. टीव्हीत पर्यायच नसेल तेव्हाच हा मार्ग.

फोर-के घेतलात तरी त्याचंही ओव्हरस्कॅन चालू असू शकतं. मग मेनू हाच उघडावा लागेल, फक्त बिल जास्त भरून.