मावशी, ‘बिनकोटिंगचं’ टायटॅनियम मिळत नाही

मावशीची खुब्याची शस्त्रक्रिया ठरली आणि लगेच फॉरवर्ड आला: ‘नॅनो-ऑक्साइड कोटिंगचा सांधा बसवू नका. हे युरोपने बंदी घातलेलं विष आहे, कण सुटून मेंदूत जातात, पुन्हा एमआरआय होत नाही. डॉक्टरांकडे बिनकोटिंगचं शुद्ध टायटॅनियम मागा.’ आता ती शस्त्रक्रियाच पुढे ढकला म्हणतेय.

शेवटचा सल्ला आधी घेते, कारण घातक तोच आहे. टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपसूक धरतो. खरवडला तरी पुन्हा धरतो. शरीरातल्या खारट द्रवात हा धातू गंजत नाही तो या थरामुळेच. बरं, ‘शुद्ध’ कशाला हवं? खुब्याच्या सांध्याचा जो दांडा मांडीच्या हाडात बसवतात त्याला ताकद लागते, म्हणून सहसा 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरतात. ते धातू शरीरात झिरपू नयेत म्हणून अडवतो कोण? हाच ऑक्साइड! फॉरवर्डमधलं ‘नॅनो-ऑक्साइड कोटिंग’ म्हणजे तरी काय? ॲनोडायझिंग नावाच्या प्रक्रियेत धातू द्रावणात बुडवून वीज सोडतात आणि हाच थर वाढवतात. द्रावणात फ्लोराइड असेल तर त्याच्या सूक्ष्म नळ्या तयार होतात. वाद घालायचाच तर नळ्यांच्या मापावर घाला. 2007 साली ‘नॅनो लेटर्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या प्रयोगात 15 नॅनोमीटरच्या नळ्यांवर पेशी छान रुजल्या, 100 नॅनोमीटरवर मरू लागल्या. पुढे दुसऱ्या गटाला मोठ्या नळ्याही चांगल्या वाटल्या. पण एवढं वाचायला फॉरवर्डवाल्यांना वेळ कुठे!

युरोपची बंदी खरी आहे, पण ती खाण्यातल्या ई171 या पांढऱ्या रंगावर, 2022 सालची. रसायन तेच, टायटॅनियम डायऑक्साइड. पण तिथे प्रश्न रोज पोटात जाणाऱ्या सुट्या भुकटीचा होता, धातूतूनच उगवलेल्या थराचा नव्हे. औषधी गोळ्यांत तर ते तेव्हाही चालू ठेवलं.

कण सुटतात, हे मात्र मान्य करावं लागतं. झिजलेल्या सांध्यांचे धातूकण यकृतात, प्लीहेत सापडलेले आहेत. नळ्यांचा थर नीट धरलेला नसेल तर बसवताना घासून निघूही शकतो. म्हणून तर घासणारा गोळा टायटॅनियमचा न करता सिरॅमिकचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा करतात. तेव्हा डॉक्टरांना विचारायचंच तर हे विचार: लेप कोणता, आणि तो किती वर्षं वापरात आहे?

आणि एमआरआय? टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. सांध्याजवळचं चित्र थोडं बिघडतं, म्हणून तपासणीआधी तिथल्या लोकांना सांगायचं, एवढंच.