मी मीच आहे हो!

ई-मेलचा मूळ नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला. त्यात पाठवणाऱ्याने आपला पत्ता सांगायचा आणि घेणाऱ्याने '२५० ओके' म्हणून मान डोलवायची, एवढाच व्यवहार होता. पत्ता खरा की खोटा, हे विचारायची सोयच नव्हती. वास्तविक चार वर्षं आधी, १९७८ मध्ये, एका संगणक कंपनीतल्या गॅरी थ्युर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या पूर्वजावरच्या) जवळजवळ ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवून पुढे काय वाढून ठेवलंय याची चुणूक दाखवली होती. पण सज्जनांनी सज्जनांसाठी केलेली व्यवस्था. तिला कडी-कोयंडा कोण लावणार? त्या सज्जनपणाची वसुली आता माझ्याकडून चालली आहे, कारण ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळतो.

तक्रार साधी होती. "आपली बिलं लोकांच्या स्पॅममध्ये जातात," अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या. त्यावर साहेब म्हणाले, "आणि लॉटरीचे मेल मात्र आपल्या इनबॉक्समध्ये येतात. हे उलटं करता येईल का?"

उलटं करायचं तर आधी मी मीच आहे, हे जगाला पटवायला हवं. त्याचा पहिला दाखला एसपीएफ. आमच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ पुढच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्यांची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावा-पत्त्यांच्या जाहीर वहीत, एका ओळीत जाहीर करायची. ओळीच्या शेवटी एक चिन्ह असतं. वजा घातलं तर यादीबाहेरच्याला दारातून परत पाठवा. नागमोडी रेघ घातली तर आत घ्या, पण संशयाने बघा. यावर रीतसर मीटिंग झाली. साहेबांनी नागमोडी पसंत केली. "एकदम कोणाला दुखवायला नको," म्हणाले.

मग यादी करायला बसलो. बिलांची सेवा वेगळी, न्यूजलेटरची वेगळी, एचआरच्या पोर्टलची आणखी वेगळी, आणि प्रत्येकाचं म्हणणं, आम्हालाही यादीत घ्या. घ्यायला हरकत नव्हती, पण डीएनएसला १० पेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं की अख्खी यादीच बाद, असा एसपीएफचा नियम आहे. आणि या सेवा लग्नातल्या पाहुण्यांसारख्या. आमंत्रण एकाला द्यावं तर तो सोबत भावंडं, चुलत भावंडं आणि त्यांचे शेजारी घेऊन येतो. शेवटी न्यूजलेटरला एका उपडोमेनवर वेगळी चूल मांडून दिली. मार्केटिंगवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसरा दाखला डीकेआयएम. निघताना सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो. समोरचा डीएनएसमधली जाहीर किल्ली लावून ती तपासतो. वाटेत मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही खोटी. कागदावर फार सुंदर. पण २०४८ बिटांची किल्ली डीएनएसच्या एका तुकड्यात मावत नाही, कारण तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा. आमच्या डीएनएसवाल्यांच्या पॅनेलने हे सांगायचं सोडून अर्धी किल्ली मुकाट्याने गिळली आणि वर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असं लिहिलं.

किल्ली जोडून घेतली, तरी सही खोटीच ठरत होती. शोधत शोधत गेलो तेव्हा गुन्हेगार सापडला: प्रत्येक मेलच्या खाली लागणारी ती कायदेशीर तळटीप. 'हा मेल गोपनीय असून तुम्ही योग्य व्यक्ती नसाल तर तो विसरून जावा' अशा धर्तीची. माझा सर्व्हर सही करून मेल पुढे सोडायचा आणि पुढचा गेटवे, म्हणजे मेल बाहेर सोडणारं यंत्र, मेलच्या खाली हा परिच्छेद चिकटवायचा. मी लीगलला विचारलं, काढू का? ते म्हणाले, ती अत्यावश्यक आहे. शेवटचं कोणी वाचली होती, असं विचारल्यावर मात्र शांतता पसरली. अखेर तळटीप आधी आणि सही नंतर, अशी फेरमांडणी केली. ही तळटीप आता अधिकृतरीत्या सही-शिक्क्यानिशी दुर्लक्षित होते.

तिसरा डीमार्क. वरचे दाखले आणि वाचणाऱ्याला दिसणारा पत्ता जुळतोय का, आणि नसेल जुळत तर काय करायचं: काही नको, स्पॅममध्ये टाका, की थेट नाकारा. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं, आणि याहूनेही घाऊक मेल पाठवणाऱ्यांना तेच सांगितलं. आम्ही काही त्या थोरांत मोडत नाही, पण साहेबांना घाबरवायला आकडा उपयोगी पडला. डीमार्कची गंमत म्हणजे त्याचे अहवाल. रोज जगभरातून एक्सएमएलच्या झिप फायली येतात, माणसाने वाचू नयेत अशाच बेताने रचलेल्या. त्यांतून कळलं की आमच्या डोमेनच्या नावाने एक अनोळखी यंत्र मेल पाठवतंय. हॅकर म्हणून आम्ही ज्याच्या मागावर होतो, तो कोपऱ्यातला स्कॅनर निघाला. कुणीतरी कधीकाळी त्याच्यात साहेबांचा पत्ता भरून ठेवला होता.

एवढं होईस्तोवर आत येणाऱ्या मेलची चाळणी राहिलीच होती. स्पॅमअसॅसिन नावाचा चाळणीचा प्रोग्रॅम प्रत्येक मेलला गुण देतो. ५ झाले की स्पॅम. त्याच्यातला बेझचा हिशेब, म्हणजे शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढणारा भाग, स्वतः शिकतो, पण त्याला आधी २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल खाऊ घालावे लागतात. आणि नेमके तेव्हाच स्पॅमवाले रुसले. जन्मात पहिल्यांदा मी कर्जाच्या ऑफरची चातकासारखी वाट पाहिली. मग ऑफिसला आवाहन केलं, आपापले स्पॅम माझ्याकडे पाठवा. आलेल्या ढिगात एचआरच्या सूचनाच जास्त होत्या. त्या मी बाजूला काढल्या, जरा जड मनाने.

ग्रेलिस्टिंगही लावून पाहिलं. अनोळखी सर्व्हरला 'आत्ता नाही, जरा वेळाने या' म्हणायचं. खरा असेल तो परत येतो, स्पॅमवाल्याला सवड नसते. ओटीपीही परत आले, अगदी इमानाने, मुदत संपल्यावर. मोठ्या कंपन्यांचे मेल तर दर खेपेला नव्या आयपीवरून यायचे आणि दर खेपेला अनोळखी ठरायचे. चोर सोडून संन्याशाला सुळी. अकाउंट्सच्या मॅडम बँकेच्या पानावर ओटीपीची वाट बघत बसल्या असताना मी ते बंद केलं. निर्णय तांत्रिक नव्हता, त्या माझ्या टेबलाकडे यायला निघाल्या होत्या.

काल एक मेल आला. 'तुमचं बिनव्याजी कर्ज मंजूर झालं आहे.' हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक नोंद, उघडून पाहिले: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. किल्ली २०४८ बिटांची, धोरण थेट नाकारण्याचं, एसपीएफच्या शेवटी ठणठणीत वजा. बरोबरच आहे म्हणा. हे दाखले माणूस कोण ते सांगतात, कसा ते नाही. साहेबांना तेच समजावून सांगत होतो. त्यांनी स्क्रीन नीट निरखली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याला विचारा ना, आपल्याकडे पार्टटाइम येतो का."