फ्रान्समधल्या बायका पितात म्हणे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. गरोदरपणी रोज ग्लासभर रेड वाइन घेतली की रक्त वाढतं, तीन महिने उलटले की बाळाला धोका नाही, फ्रान्समधल्या बायका पितातच आणि त्यांची मुलं धडधाकट असतात. पहिलटकरणी असलं सगळं जीव लावून वाचतात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी फ्रान्सचंच बघू. नांत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लमुआन यांनी १९६८ साली दारूचं व्यसन असलेल्या घरांतल्या १२७ मुलांची निरीक्षणं छापली. चेहऱ्याची एकसारखी वेगळी ठेवण, खुंटलेली वाढ, मागे पडलेली बुद्धी, काहींच्या हृदयात दोष. नांत हे लुआर नदीकाठचं गाव, भोवती वाइनचाच मुलूख. तेव्हा त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांना तेच चित्र दिसलं आणि त्यांनी त्याला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. आज फ्रान्समध्ये दारूच्या बाटलीवर गरोदर बाईचं काट मारलेलं चित्र किंवा तशी लेखी सूचना लागतेच. २००७ पासून तिथे ती सक्ती आहे.

‘तीन महिन्यांनंतर चालतं’ हे मला सगळ्यात घातक वाटतं. चेहरा आणि हृदय सुरुवातीच्या आठवड्यांत घडतात, हे खरं. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो, आणि शेवटच्या तिमाहीत तर झपाट्याने. आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. ती पचवण्याइतकं त्याचं यकृत तयार नसतं. लघवीवाटे ती गर्भजलात उतरते आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं. अशा मुलाचा चेहरा अगदी नेहमीसारखा असू शकतो. अडचण कळते ती शाळेत, लक्ष लागत नाही, गणित जमत नाही, सांगितलेलं लक्षात राहत नाही तेव्हा. मग त्याला आळशी म्हणून बोलणी बसतात.

रक्त वाढण्याचं म्हणाल, तर ग्लासभर वाइनमध्ये लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम असतं, शिवाय फॉलिक अ‍ॅसिड.

वाइन सौम्य, बियर त्याहून सौम्य, हाही भ्रमच. ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, १५० मिली वाइनमध्ये १४ ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार पेग झाले. सर्दीवर दिलेली दोन मोठे चमचे ब्रँडीही एक पेगच.

‘आमच्या ताईने घेतली, काही झालं नाही.’ नसेलही झालं. किती घेतली, कधी घेतली, आईचं खाणंपिणं कसं होतं, अंगची ठेवण कशी, अशा कितीतरी गोष्टींवर ते ठरतं. एका घोटाने बाळ बिघडतंच असं मी म्हणणार नाही. अगदी थोड्या दारूबद्दलचे पुरावे धूसर आहेत. पण सुरक्षित ठरलेलं प्रमाण कुणालाही सापडलेलं नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी थोडी चालेल असं सांगत. २०१६ मध्ये तिथल्या आरोग्याधिकाऱ्यांनी ते बदलून अजिबात नको असं सांगितलं.

दिवस गेलेत हे कळायच्या आधी घेतली असेल, तर स्वतःला कोसत बसू नका. आजपासून थांबवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रोजची सवय असेल तर मात्र स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, त्याने फिट येऊ शकते. दवाखान्यात जाऊन देखरेखीखाली सोडा. आणि नवऱ्याने तेवढे महिने बाटली घरात आणू नये.