फोन घ्यायचाय, पण बहुमत नाही

माझ्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "संध्याकाळी जा आणि नवा घेऊन ये. टेकडीवर चर्चा नको." सल्ला रास्त होता. पण लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिच्या पोटात वायू धरतो, आणि असा फोन शर्टाच्या खिशात लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एआरएआयच्या बाजूनं वेताळ टेकडी चढताना टेल्कोवाल्यांची नजर खिशावर गेलीच. "अहो, छातीशी बॉम्ब बांधून काय फिरताय?" असं म्हणत ते चार पावलं लांब सरकले आणि तिथूनच ओरडले, "मग, आता कुठला घेताय?"

एवढं पुरतं.

आमच्या गटात आडनावं लग्नपत्रिकेपुरतीच वापरतात. एरवी टेल्कोवाले, बँकवाले, वकीलसाहेब आणि हिंजवडी. टेल्कोचं नाव २००३ सालीच बदलून टाटा मोटर्स झालं, पण पिंपरीचा माणूस भरती झाला त्या नावानंच निवृत्त होतो. हिंजवडी हा तिशीतला मुलगा. खुर्चीत बसून बसून पाठ गेली म्हणून डॉक्टरांनी त्याला टेकडी सांगितली. टेकडीवर आम्ही असतो हे डॉक्टरांना माहीत नसावं. मी 'सर'. शिकवणं सोडून बराच काळ झाला, पण हुद्दा राहिला.

"बजेट?" बँकवाल्यांनी विचारलं. वीस-पंचवीस हजार, मी म्हटलं. इथपर्यंत संभाषण कुठल्याही सुसंस्कृत शहरात शोभलं असतं.

"चिनी घ्यायचा नाही," टेल्कोवाले म्हणाले.

"काका, तुमच्या हातातला कुठलाय?" हिंजवडीनं विचारलं.

"हा २०१९ चा आहे. गलवानच्या आधीचा." २०२० च्या जूनमध्ये सरकारनं टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप बंद केली, त्या आठवड्यात टेल्कोवाल्यांनी सोसायटीच्या फाटकाशी आम्हा सगळ्यांना बहिष्काराची शपथ दिली होती. उजव्या हातात तोच फोन होता, कारण शपथेचा मजकूर त्यात होता. वकीलसाहेबांनी लगेच निवाडा दिला, "बरोबर आहे. बहिष्कार पूर्वलक्षी प्रभावानं लागू होत नाही."

मग भारतीय फोन म्हणजे नेमका कुठला, हा विषय निघाला. हिंजवडीचं म्हणणं असं की आयफोनसुद्धा २०१७ पासून भारतात जुळवला जातो, पहिला बंगळुरूला झाला; आणि आज ज्याला चिनी म्हणता त्यातले बरेचसे नोएडाकडच्या कारखान्यांतून बाहेर पडतात. चिपचा आराखडा अमेरिकेचा, ती ओतली तैवानात, पडदा कोरियाचा. "मग त्यात आपलं काय?" टेल्कोवाल्यांनी विचारलं. "हप्ते," बँकवाले म्हणाले. यावर पाच मिनिटं देशाचं औद्योगिक धोरण झालं. १९९१ पासून सुरुवात झाली आणि माझा फोन १९९१ मध्येच राहिला.

टेकडीवरच्या कुठल्याही चर्चेला हा चढ असतोच. तुम्ही कॅमेऱ्याबद्दल विचारा, उत्तर सरकारचं येईल. बँकवाले आपल्या फोनच्या १०८ मेगापिक्सेलवर फार खूष असतात. हिंजवडीनं त्यांना समजावलं की तो कॅमेरा अंधारात नऊ बारके पिक्सेल एकत्र करून एक मोठा बनवतो, म्हणजे हातात फोटो येतो बारा मेगापिक्सेलचाच.

"म्हणजे आघाडी सरकार," वकीलसाहेब म्हणाले. "नऊ जण एकत्र येऊन एकाचं काम करतात."

"आघाडीला नावं ठेवू नका," बँकवाले म्हणाले. "पण फोटो चांगला येतो की नाही?"

"उजेड असेल तर येतो," हिंजवडी पुटपुटला, आणि ते कॅमेऱ्याबद्दल होतं की आघाडीबद्दल, यावर वरच्या देवळापर्यंत वाद झाला.

चार्जरचं प्रकरण याहून चिघळलं. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीनं खोक्यातून चार्जर काढून टाकला, पर्यावरणाचं कारण सांगितलं, आणि आधी हसलेल्या बाकीच्या कंपन्यांतल्या काहींनी पुढच्याच वर्षी तेच केलं. टेल्कोवाल्यांचा हा जिव्हाळ्याचा राग आहे. गाडी विकायची आणि चाकं वेगळी घ्या म्हणायचं, असं ते म्हणतात. बँकवाल्यांना यात वेगळंच दिसलं. "युरोपनं बघा, २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकच सी टाइपचं भोक सक्तीचं केलं. सत्तावीस देशांना एक चार्जर पटतो, आणि आपल्याला एका देशात एक निवडणूक पटत नाही!"

वकीलसाहेब जागच्या जागी थांबले. ते थांबले की मागच्या लोकांना बाजूनं जावं लागतं, वाट अरुंद आहे. "चार्जरला घटनादुरुस्ती लागत नाही," ते म्हणाले. "शिवाय एका पिनेला सगळे फोन लावले आणि पीनच वाकली, तर?"

हा मुद्दा मला आवडला होता. पण तोपर्यंत दोघंही एकमेकांना 'तुमचे लोक' म्हणू लागले होते, आणि 'तुमचे लोक' सुरू झालं की त्या सकाळी फोनची आशा सोडायची.

माझं स्वतःचं निरीक्षण असं आहे की माणूस फोनची बाजू घेत नाही, मोजलेल्या पैशांची घेतो. ज्यानं चाळीस हजार घातले त्याला तो फोन थोर वाटावाच लागतो. रात्री तो इस्त्रीसारखा तापला तरी 'थंडीत बरं पडतं' म्हणतो. मताचंही तेच. एकदा बटण दाबलं की पाच वर्षं त्या बटणाची वकिली करावी लागते. टेल्कोवाले आणि बँकवाले एकमेकांना पटवायला बोलत नाहीत, ते आपापली पावती पुन्हा पुन्हा तपासत असतात. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझ्याविरुद्ध एकत्र आले असते आणि पुण्यात आणखी एक आघाडी झाली असती.

तसं एकमत आमच्यातही आहे. टेकडी फोडून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढू नये, यावर चौघंही एका सुरात बोलतात. म्हणूनच तो विषय कुणी काढत नाही. दोन मिनिटांत संपतो.

मतदान यंत्राचा विषय मात्र संपत नाही. टेल्कोवाल्यांना कागदी मतपत्रिका हवी. आम्ही म्हणतो, तुम्ही तर इंजिनिअर, तुम्हालाच यंत्राचं वावडं? "आयुष्यभर यंत्रं बनवली, म्हणूनच," ते म्हणतात. यावर उत्तर नाही. बँकवाले मग फोनकडे वळतात: ज्या फोनवरून भाजीचे वीस रुपये डोळे मिटून पाठवता त्यावर तुमचा विश्वास, आणि ज्याला ना वायफाय ना सिमकार्ड त्या यंत्रावर नाही? हिंजवडी तांत्रिक बाजू मांडतो. यंत्र भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्या बनवतात, पहिल्यांदा ते १९८२ मध्ये केरळात परावूरला वापरलं, आता शेजारी चिठ्ठी दिसते, सात सेकंद.

"सात सेकंद मला चष्मा शोधायला लागतात," टेल्कोवाले म्हणाले. "मी मागच्या वेळी चिठ्ठी पडल्याचा आवाज तेवढा ऐकला."

सातावरून हिंजवडीला आठवलं. काही कंपन्या आता सात वर्षं अपडेट देतो म्हणतात. गूगलनं २०२३ मध्ये सुरू केलं, पाठोपाठ सॅमसंगनं. "सर, तुम्ही तसलाच घ्या." "सरकार पाच वर्षांचं आणि फोन सात वर्षांचा?" वकीलसाहेबांना हे घटनाबाह्य वाटलं. टेल्कोवाले म्हणाले, "माझं वय बहात्तर. मला सात वर्षांचं आश्वासन कशाला?" "का? मेट्रोचं घेतलं होतंत ना?" बँकवाल्यांनी विचारलं.

आणि फुटलेल्या कंपन्या! पोको शाओमीतून २०२० मध्ये वेगळी झाली, रियलमी ओप्पोच्या घरात २०१८ मध्ये जन्मली आणि वेगळी चूल मांडली. हिंजवडी म्हणत होता की पुष्कळदा आतला फोन जवळपास तोच असतो, वरचं नाव आणि रंग बदलतात. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ काढलेल्या माणसांना हे समजायला वेळ लागत नाही. वकीलसाहेबांनी फक्त एक शंका विचारली. "चिन्ह कुणाकडे गेलं?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या गटाला राजकारणातलं सगळं आधी कळतं असा आमचा लौकिक आहे, आणि त्याला एकच डाग आहे. २३ नोव्हेंबर २०१९. राज्याच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध शपथविधी भल्या सकाळी झाला. भल्या सकाळी उठणारे महाराष्ट्रात आमच्याइतके तयारीचे कोण? तरीही त्या क्षणी आम्ही टेकडीवर, मोरांचे आवाज ओळखत उभे होतो. खाली आलो तर दूधवाल्यानं सांगितलं. तेव्हापासून टेल्कोवाले फोनमध्ये आधी बातम्यांची घंटी किती जोरात वाजते ते बघतात. मेगापिक्सेल नंतर.

शेवटी शनिवारी मी एकटाच तपकीर गल्लीत जाऊन फोन आणायचा, असं ठरवलं. वनाझ स्टेशनावर चौघंही उभे होते. बायकोनं कुणाच्या तरी बायकोला सांगितलं होतं.

मेट्रोत बसल्यावर मेट्रो कुणी आणली हा वाद झाला. तो प्रत्येक फेरीत होतो, तिकिटातच धरलेला असतो. अहवाल कुणाच्या काळात, २०१६ चं भूमिपूजन कुणाच्या हस्ते, २०२२ मध्ये पहिली गाडी सुटली तेव्हा काम किती बाकी होतं, अशी गाडी जिल्हा न्यायालयापर्यंत आली. तिथं बदलायचं. ते भुयारी स्टेशन तेहेतीसेक मीटर खोल आहे आणि सरकते जिने इतके लांब की उतरता उतरता एक पूर्ण मुद्दा उदाहरणासह मांडून होतो. बँकवाले वरच्या पायरीवर, टेल्कोवाले खालच्या. त्यामुळे बँकवाल्यांचा मुद्दा आपोआप वरचढ वाटत होता, आणि टेल्कोवाल्यांनी तशी तक्रारही केली. मंडईला बाहेर पडलो तेव्हा महापालिकेवर आलो होतो. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, तरी नळाला पाणी तेवढंच येत होतं. यातून नगरसेवकांबद्दल काय सिद्ध होतं आणि पाण्याबद्दल काय, हे बुधवार पेठेपर्यंत सुटलं नाही.

तपकीर गल्लीतलं दुकान आठ फूट रुंद. आत दुकानदार, काउंटर, दोन स्टुलं आणि आमचं शिष्टमंडळ. पोरगेल्या दुकानदारानं दोन फोन पुढे ठेवले. किंमत जवळपास सारखी. मला डावा आवडला. मी तसं म्हणणार तोच वकीलसाहेबांनी खोकं हातात घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरातला मजकूर मोठ्यानं वाचायला लागले. उत्पादक कोण, आयातदार कोण, निर्मितीचा महिना, तक्रार कुठे करायची. किरणोत्सर्गाचा आकडा आला तेव्हा हिंजवडीनं सांगितलं की आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॅट आहे आणि हा फोन तिच्या आत आहे. "किलोला म्हणजे कशाच्या किलोला?" टेल्कोवाल्यांनी विचारलं. "तुमच्या," हिंजवडी म्हणाला. टेल्कोवाल्यांनी फोन खाली ठेवला.

दुकानदारानं बिल करायला घेतलं. त्यात अठरा टक्के जीएसटी दिसल्यावर बँकवाले आणि टेल्कोवाले दोघांनाही एकदम स्फुरण चढलं. २०२० च्या एप्रिलपर्यंत हा बारा टक्के होता, यावर दुमत नव्हतं. बारावरून अठरावर का गेला, यावर होतं. मागे एक जण चार्जरची वायर बदलून घ्यायला आला होता. तो थोडा वेळ थांबला, मग बँकवाल्यांच्या बाजूनं बोलू लागला, मग वायर न घेताच गेला.

"साहेब, चालू करून देतो," दुकानदार घाईनं म्हणाला. फोन उजळला. भाषा मराठी निवडली. आणि पडद्यावर अटी व शर्ती आल्या, खाली निळं बटण: मान्य आहे.

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले. "वाचल्याशिवाय काहीही मान्य करायचं नाही."

त्यांनी पहिलं कलम वाचलं. टेल्कोवाल्यांनी पहिल्याच वाक्यावर हरकत घेतली. बँकवाल्यांनी हरकतीवर हरकत घेतली. हिंजवडी म्हणाला, अशी एकंदर चाळीसेक पानं असतील, आणि भिंतीला टेकून बसला. दुसऱ्या कलमात माहिती कुणाकुणाला देणार याची यादी होती. ती ऐकून टेल्कोवाले म्हणाले, यापेक्षा मतदार यादी बरी. गल्लीत गर्दी वाढत होती. दुकानदारानं घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, वकीलसाहेबांच्या हाताखालून बोट घालून मजकूर सर्रकन खाली ओढला आणि निळं बटण दाबून मोकळा झाला.

क्षणभर कुणालाच काही सुचेना. मग वकीलसाहेबांना कंठ फुटला.

"अहो, हे बूथ कॅप्चरिंग आहे!"

"आमच्या वतीनं तुम्ही कोण मान्य करणारे?" बँकवाले म्हणाले. त्या वर्षात पहिल्यांदाच ते टेल्कोवाल्यांच्या शेजारी उभे होते.

"म्हणून सांगतो, कागदच बरा," टेल्कोवाले म्हणाले.

"कागद देतो ना, हे घ्या बिल," दुकानदार म्हणाला. "आणि स्क्रीनगार्ड कुठला लावू? साधा, मॅट, की आतलं शेजारच्याला दिसत नाही तो?"

टेल्कोवाल्यांनी स्टूल पुढे ओढलं.