पॉपकॉर्न महाग असू दे, पण ते बिल नेमकं कोण भरतंय?

मल्टिप्लेक्सवाले लुटतात म्हणून दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं, पण मला तेवढंच म्हणायचं नाहीये म्हणून जरा मोठी पोस्ट लिहितेय.

आधी त्यांची बाजू. तिकिटाचे पैसे त्यांना पुरते मिळतच नाहीत. 2009 ला निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं जोरदार वाजलं होतं, आठवत असेल, दोन महिने मोठे हिंदी पिक्चर लागले नव्हते, आणि मग जे ठरलं त्यात पहिल्या आठवड्याला निम्मा गल्ला वितरकाचा, पुढे त्याचा वाटा कमी कमी होत जातो. वर मॉलचं भाडं, एसीचं बिल. पॉपकॉर्नमध्ये मात्र कोणी वाटेकरी नाही. मूठभर मका, तेल, मीठ आणि तो वास, सगळं त्यांचंच. म्हणजे पिक्चर हे निमित्त, दुकान काउंटरवर. धंदा आहे, चालायचंच.

पण हा पैसा येतो कोणाकडून ते बघा. पीव्हीआर आयनॉक्सच्या 2023-24 च्या आकड्यांत तिकीट सरासरी अडीचशेच्या वर आणि माणशी खाणंपिणं एकशे तीसच्या आसपास. ही सरासरी आहे हं. कॉलेजची पोरं बाहेर वडापाव हाणून येतात आणि आत दमडी काढत नाहीत, बरोबरच करतात. मग त्यांच्या वाटचे एकशे तीस कोण भरतं? ज्यांच्यासोबत लहान पोरं आहेत ते! पोराला इंटरव्हलमध्ये नाही म्हणून दाखवा बरं, आख्खी रांग वळून तुमच्याकडे बघते. म्हणजे स्वस्त मंगळवारचं तिकीट बाकीच्यांना आणि त्याची वसुली आमच्याकडून.

मध्ये सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांना शुगर, म्हणून पर्समध्ये खाकऱ्याची पुडी. गेटवरच्या मुलाने ती काढून टेबलावर ठेवली, तिथे आधीच चिवडा, बिस्किटं, कोणाची तरी दोन केळी असा छान फराळ मांडलेला. "आजी, जाताना घेऊन जा." त्याची काय चूक, तो नोकरी करतोय. पण आत त्यांनी खायचं काय? कॅरॅमल पॉपकॉर्न की चीजमध्ये बुडवलेले नाचोज? आणि काउंटरवर साधा छोटा पॉपकॉर्न मागितला की "मॅम, फक्त साठ रुपये जास्त, लार्ज होतोय, कोल्ड्रिंक पण येतंय". त्या छोट्याचा भाव मुद्दाम असा ठेवलेला असतो की तो घेणारा वेडा वाटावा.

कायद्याचं म्हणाल तर 2018 ला नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी सांगितलं होतं की 1 ऑगस्टपासून बाहेरचं खाणं नेता येईल. आम्ही खूश! आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकारनेच हायकोर्टात सांगितलं की बाहेरच्या खाण्याने सुरक्षेचा प्रश्न येऊ शकतो. खाकऱ्याने!! मग जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने जम्मू-काश्मीरच्या केसमध्ये सांगून टाकलं की थिएटर खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं बंद ठेवायचा हक्क मालकाला आहे, कोणी जिलबी खाऊन सीटला हात पुसले तर काय करायचं. मान्य. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही हेही त्यात आहे, ते कोणी बोर्डावर लिहीत नाही. पाण्याचा कूलर शोधायचा तर वॉशरूमच्या बोळात, ग्लास नाही, आणि काउंटरवर बाटल्या मात्र लाइट मारून ठेवलेल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये तर सुप्रीम कोर्टातच न्यायमूर्ती म्हणाले की पाण्याला शंभर आणि कॉफीला सातशे घेता तुम्ही, असंच चाललं तर थिएटरं रिकामी पडतील.

नाटकाला जातो तेव्हा शिवाजी मंदिरला बटाटेवडा खातोच की. तिथे कोणी जबरदस्ती करत नाही, तरी इंटरव्हलला झुंबड असते. आणि मराठी पिक्चरचा प्रेक्षक म्हणजे बऱ्याचदा असंच घर, आजी-आजोबांसकट. ते ओटीटीची वाट बघत घरी बसले की आपणच गळे काढायचे, मराठी माणूस मराठी पिक्चर बघत नाही म्हणून.

भाव कमी करा असं मी म्हणतच नाहीये. तुमचा टब पाचशेला विका, घेणारे घेतील. फक्त पोराला पुरेल एवढी छोटी पुडी रास्त भावात ठेवा, कूलर डोळ्याला दिसेल असा लावा, आणि साठीच्या पुढच्या, पथ्याच्या माणसाला घरचा कोरडा खाऊ नेऊ द्या. जिलबी आणणार नाही, लिहून देते.