टीव्हीतले ऑस्ट्रेलियन आणि आमच्या गल्लीतले

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर अधूनमधून 'ऑस्ट्रेलियन लोक कसे असतात' यावर वाद पेटतो. मजा म्हणजे त्या ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलियात राहणारी मी एकटी, तरी मला कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना आधीच माहिती असतं, कारण सगळ्यांनी मास्टरशेफ बघितलंय.

सुहासदादा नाशिकला रोज रात्री जेवताना मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया लावून बसतो. त्याचं ठाम मत आहे की ही माणसं फार मोठ्या मनाची, एकजण हरला की दुसरा त्याला मिठी मारतो, आपल्याकडे असतं तर शेजारच्याची कढई पालथी केली असती. बरं, ठीक आहे. मग ३१ ऑगस्ट २०२५ ला इथे शहराशहरात 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' निघाले, स्थलांतराच्या विरोधात, आणि त्यांच्या पत्रकांमध्ये तर भारतीयांचं नाव घेऊन लिहिलेलं होतं. ते व्हिडिओ नाशिकला पोचले आणि तोच सुहासदादा त्याच ग्रुपवर लिहितो, 'हे लोक मुळातच वंशवादी, गाशा गुंडाळा आणि या परत.' अरे, परवापर्यंत मिठ्या मारत होते ना ते?

राग याचा येतो की दोन्ही वेळेला त्याने फक्त स्क्रीन बघितला आणि दोन्ही वेळेला मला माझा देश समजावून सांगितला. माझा देश म्हणजे... असो, त्यावर नंतर येते.

आता मास्टरशेफच घ्या. २००९ ला चॅनल टेनवर सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी लोकांनी एवढं डोक्यावर घेतलं की २०१० च्या निवडणुकीत ज्युलिया गिलार्ड आणि टोनी अ‍ॅबट यांची डिबेट फायनलच्या आड यायला नको म्हणून अलीकडे ओढली. पण ज्या तीन जजेसवर आपल्याकडची जनता जीव टाकायची त्यातले गॅरी मेहिगन आणि मॅट प्रेस्टन दोघंही जन्माने इंग्लंडचे, जॉर्ज कॅलोम्बारिस मेलबर्नचाच पण ग्रीक वळणाच्या घरातला, आणि नंतर आलेला बिचारा जॉक झोनफ्रिलो, २०२३ ला अचानक गेला तो, ग्लासगोचा. २०१८ ला जिंकलेला शशी चेलय्या हा सिंगापूरहून आलेला तमिळ वंशाचा, नोकरी तुरुंगात. २०२१ चा जस्टिन नारायण फिजीच्या भारतीय वळणाचा. त्याच वर्षी किश्वर चौधरीने फायनलला पांता भात केला तेव्हा आमची मावशी हैराण झाली होती, शिळ्या भाताला एवढे मार्क? आपण तर तो रोज सकाळी फोडणी घालून संपवतो.

हे सगळं दादाला सांगितलं तर म्हणतो, तेच तर, मन मोठं आहे त्यांचं. त्याच्या थिअरीत सगळंच बसतं. २०१९ ला जॉर्जच्या हॉटेलांमध्ये स्टाफला ७८ लाख डॉलर कमी दिल्याचं बाहेर आलं, पेपर भरभरून वाहत होते इथे, ते मात्र त्याच्या थिअरीत बसत नाही म्हणून त्याने वाचलंच नाही. टीव्हीवर मिठी आणि पेस्लिपवर कात्री. इथल्या किचनांमध्ये रात्री बारापर्यंत कढया घासणाऱ्यांत आपल्या स्टुडंट व्हिसावाल्या पोरांची संख्या काय कमी आहे का, पण त्यांना जेवताना कोण बघणार.

आणि दादाचं सोडा, आपण सगळेच इथल्या लोकांना आधी टीव्हीवरच भेटलो. आमच्या घरी डिसेंबरमध्ये पहाटे पाचला पप्पा टीव्ही लावायचे, आवाज अगदी बारीक, नाशिकची ती हाडं गोठवणारी थंडी, रजईतून फक्त डोळे बाहेर, आणि स्क्रीनवर मात्र भगभगीत ऊन, मैदानात सीगल बसलेले, लोक अर्धी चड्डी घालून डोक्यावर कलिंगडाची साल ठेवून ओरडतायत. चॅनल नाईनचं कव्हरेज. कुणी शून्यावर गेलं की ते कार्टून बदक रडत रडत बॅट घेऊन चालायचं. रिची बेनॉ एखादं वाक्य बोलून गप्प बसायचा, बिल लॉरी किंचाळायचा, टोनी ग्रेग पिचमध्ये किल्ली खुपसायचा. मला तेव्हा वाटायचं हा देश म्हणजे एक कायमची मे महिन्याची सुट्टी आहे. टोनी ग्रेग जन्माने दक्षिण आफ्रिकेचा आणि इंग्लंडचा कॅप्टन होता हे तर मला इथे आल्यावर कळलं. २०१८ ला नाईनकडून क्रिकेट गेलं, सेव्हन आणि फॉक्सकडे आलं. मला अजूनही सेव्हनवर मॅच बघताना कुणा दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं, आणि ही तक्रार मी ज्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांकडे केली त्यांनाही तसंच वाटतं, तर त्या एका विषयात तरी आमचं बालपण सारखं.

इंग्रज लोकांचं वेगळंच. त्यांना ऑस्ट्रेलिया म्हणजे 'नेबर्स'. आमच्या ऑफिसात लीड्सची एक बाई आहे, ती म्हणते शाळेतून आल्यावर रोज 'नेबर्स' बघूनच ठरवलं होतं की इकडे यायचं. १९८५ ला सुरू झालेली ही मालिका, तिच्यातली रॅमझी स्ट्रीट म्हणजे खरी मेलबर्नच्या व्हर्मॉन्ट साऊथमधली पिन ओक कोर्ट, साधी डेड एंड गल्ली, आणि इंग्लंडहून टुरिस्ट तिथे बस भरभरून यायचे. कायली मिनोग आणि जेसन डोनोव्हनचं त्यातलं लग्न १९८८ ला ब्रिटनमध्ये जवळजवळ दोन कोटी लोकांनी पाहिलं. इथे लोक केव्हाच कंटाळले होते, २०२२ ला ब्रिटिश चॅनलने पैसे काढून घेतल्यावर बंद पडली, मग अ‍ॅमेझॉनने उठवली, डिसेंबर २०२५ ला परत बंद. इंग्रजांच्या पैशावर चालणारी ऑस्ट्रेलियन गल्ली, म्हणजे बघा.

तर त्या गल्लीत कपूर नावाचं भारतीय कुटुंब राहायला आलं ते सुरुवातीनंतर पाव शतक उलटून गेल्यावर, आणि २०१३ पर्यंत गेलंही. पुढे रेबेकी कुटुंबाची भारतीय सून दीपी आली. तिचं काम केलेल्या शॅरन जोहालने २०२१ ला सेटवरच्या वंशवादाबद्दल जाहीरपणे लिहिलं. इकडे २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाख, इंग्लंडच्या खालोखाल दुसरा नंबर आपला, आणि टीव्हीवरच्या गल्लीत आपण भाडेकरू, तेही लीज संपत आलेले. स्क्रीन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेने २०११ ते २०१५ च्या मालिका मोजल्या होत्या, मुख्य पात्रांत अँग्लो-सेल्टिक, म्हणजे ब्रिटिश-आयरिश वंशाचे, नसलेले १८ टक्के, लोकसंख्येत ३२.

हे आकडे मी ग्रुपवर टाकणार होते आणि थांबले, कारण मला माहितीय दादा काय म्हणेल, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' आणि मग मला त्याला विचारावंसं वाटतं की बाबा रे, आपल्या मराठी मालिकांत गेल्या दहा वर्षांत किती बिहारी शेजारी पाहिलेस तू? मुसलमान मैत्रीण? बंगला, झोपाळा, तुळस, आणि आडनावं तीच चार. आणि २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांना मारहाण झाली तेव्हा नाशिकच्या कारखान्यांमधले कामगार बोचकी घेऊन स्टेशनवर गर्दी करून उभे होते, तेव्हा आपल्या घरात जेवताना काय बोलणं झालं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. तेव्हा कुणी म्हणालं नाही की नाशिककर मुळातच अमुक आहेत. तेव्हा ते 'थोडं परिस्थितीमुळे' होतं.

बरं, हे तरी मी का म्हणतेय? इथल्या मोर्चाची बाजू घ्यायला? नाही. पण तिकडून कुणी इथल्याला नावं ठेवली की मी लगेच इथली होते, आणि इथे लंचरूममध्ये कुणी दिल्लीच्या हवेबद्दल बोललं की मी लगेच तिथली. मोर्चाच्या रविवारी ग्रुपवर मी लिहिलं, 'काही नाही रे, मूठभर लोक आहेत, आपल्या भागात शांत आहे.' आणि त्या रविवारी मी ट्रेन धरून सिटीत गेले नाही. जायचं होतं, मायकी, म्हणजे ट्रेनचं कार्ड, टॉपअप करून ठेवलं होतं. पोराला म्हटलं पाऊस येईल.

बॉर्डर सिक्युरिटीने तर आमच्या आईची वाट लावली. विमानतळावरच्या तपासणीचा शो, २००४ पासून चाललाय, युट्यूबवर त्याचे तुकडे आई बघते, त्यात आपल्याकडची कुणीतरी काकू बॅगेतून एकेक पुडी काढतेय आणि तो युनिफॉर्मवाला हातमोजे चढवतोय. आईला वाटतं सगळा देश असाच संशयाने बघतो. गोडा मसाला, मेतकूट, लोणचं, प्रत्येक गोष्टीवर तिने लेबल लावून आणलं, कार्डावर सगळं डिक्लेअर केलं, आणि काउंटरवरच्या पोराने नुसतं बघून 'ऑल गुड' म्हणून सोडलं. आई इतकी नाराज झाली! एवढी तयारी करून परीक्षा रद्द. नाशिकला जाऊन मात्र तिने सांगितलं की फार कडक चेकिंग होतं, पण मी निभावलं.

याच्या बरोबर उलटी केस ब्लूईची. ब्रिस्बेनच्या कुत्र्यांचं कुटुंब, २०१८ ला इथल्या सरकारी एबीसी चॅनलवर आलं, आणि २०२४ ला अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं तेच, साडेपाच हजार कोटी मिनिटांच्या वर. आमची प्राजक्ता विचारते, तिथले बाप खरंच मुलांशी एवढे खेळतात का गं? आता इथे मला सुहासदादासारखंच एक वाक्य टाकून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि मी टाकतेही, हो खेळतात. शनिवारी सकाळी ऑसकिकला, म्हणजे पोरांच्या फुटीच्या सरावाला, बघा, दवात भिजलेल्या ग्राउंडवर बाप लोक ट्रॅकपँट घालून पोरांमागे पळतायत, माझा नवरासुद्धा आता पळतो, जो नाशिकला असता तर पेपर वाचत बसला असता. बाकीच्या बापांचं काय चालतं ते मला काय माहीत.

आणि तेच खरं आहे. मला काय माहीत. ब्लूईच्या घराचा नकाशा मला पाठ आहे, व्हरांडा कुठे, खेळायची खोली कुठे, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या किचनचा रंग मला सांगता येणार नाही. माणसं छान आहेत, आम्ही सुट्टीवर गेलो की आमचे बिन बाहेर काढतात, परत आतही ठेवतात, ख्रिसमसला चॉकलेटचा डबा दारात ठेवतात, आम्ही दिवाळीला चकली देतो. दारातच. आमचे शनिवार मंडळात, गणपती मंडळात, बर्थडे आपापसात, मेलबर्नच्या पश्चिमेला पॉइंट कुक ते टार्नीट, तीच आठ-दहा घरं. ऑफिसात मी सोमवारी रात्रीचा 'मॅफ्स', म्हणजे 'मॅरीड अ‍ॅट फर्स्ट साइट', बघून जाते. कुणाला आवडतो म्हणून? छे, अनोळखी जोडप्यांची लग्नं लावून डिनर पार्टीत त्यांना भांडायला लावतात, डोकं उठतं. पण मंगळवारी चहाच्या वेळी सगळे त्यावर बोलतात आणि मला त्यात एक वाक्य टाकता आलं पाहिजे. सुहासदादा जेवताना बघतो, मी गृहपाठ म्हणून बघते, फरक असला तर एवढाच, आणि हो, मी टॅक्स भरते.

इथले लोक स्वतःला जसे बघतात ते मात्र बाहेर फारसं जातच नाही. 'युटोपिया' बघा, सरकारी ऑफिसची कॉमेडी, २०१४ ची, मोठमोठ्या प्रोजेक्टच्या घोषणा आणि हातात शून्य. आम्ही हसतो आणि मग मेलबर्न एअरपोर्टवरून स्कायबस धरतो, कारण ट्रेन अजून नाही, मुंबईत टर्मिनल दोनला २०२४ ला मेट्रो आली तरी. हे मात्र मी ग्रुपवर कधीच लिहिलेलं नाही. मुंबई-गोवा हायवेवर मी चार ओळी लगेच लिहीन. किंवा शुक्रवारी संध्याकाळी 'गार्डनिंग ऑस्ट्रेलिया' लावा, दाढीवाला कोस्टा कंपोस्टमध्ये हात घालून आनंदाने बोलत असतो, कुणी रडत नाही, कुणी हरत नाही. पप्पांना फार आवडला असता.

मावशी नोव्हेंबरमध्ये व्हिजिटर व्हिसावर येतेय. तिला मास्टरशेफचं किचन बघायचंय. मी सांगितलं, अगं मावशी, ते शोग्राउंड्समध्ये आहे, बाहेरून नुसती शेड दिसते, त्यापेक्षा तुला फुटस्क्रे मार्केटला नेते, व्हिएतनामी भाजीवाले, हाबेशा म्हणजे इथिओपियन कॉफी, मासे बघून वेडी होशील. मावशी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'ते सगळं बघू गं. पण खरे ऑस्ट्रेलियन दिसतील ना कुठेतरी? एवढं तिकीट काढून येतेय.' म्हटलं दिसतील, शनिवारी बनिंग्स या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज सिझलच्या रांगेत उभी करते तुला, कांदा जास्त घालायला सांग.